एक लाख तीनची वाटणी

कोलशेतच्या धक्क्यावर मी होडीची वाट पाहत असे, तेव्हा तो रोज दिसायचा. मिठागरावरचा माणूस. उकिडवा बसून ओल्या चिखलात काटकीने भागाकार मांडायचा, बाकी उरली की तळव्याने पुसायचा आणि चुळबुळत पुढे सरकायचा. मी ठाण्याच्या शाळेत मास्तर. मला ते बघवेना. एकदा विचारलंच. आकडा होता एक लाख तीन. दोनापासून एकही आकडा न गाळता तो भागत आला होता, आणि भाग कशानेच जात नव्हता.

तो तीनशे सोळावर आला त्या दिवशी मी म्हटलं, "आता थांब रे बाबा. यापुढच्या कुणाचा भाग गेला असता, तर त्याचा लहान जोडीदार तुला मागेच भेटला असता. हा आकडा फुटायचा नाही."

"कंदीच नाय, मास्तर?"

"कधीच नाही."

काटकी थांबली. "आमचं मिठागर दोगा भावांचं. दोनानंच फुटलं."

होडी आली. मी चढलो आणि वळून पाहिलं. त्याने चिखल पुसला होता, आणि तीनशे सतराने भागायला घेतलं होतं.