न पिकणारा बिंदू

आप्पांना काही समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. वडीलच ते, माझ्यापेक्षा हट्टी असणारच. तरी त्यांच्या डोळ्यांवरून मी जेवढं भांडले, तेवढं सासरी कुणाशी भांडले नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. नवऱ्याची नोकरी रेल्वेत, म्हणून आम्ही दौंडला. आप्पा वडगाव रासाईला, भीमेच्या काठी वांगी-टोमॅटो काढायचे. आमच्याकडे आले की डाव्या अंगाला ठेवलेल्या तांब्याला त्यांचा पाय हमखास लागायचा. मला वाटायचं, धांदरटपणा. पण एकदा स्टेशनबाहेर डावीकडून आलेली सायकल त्यांना दिसलीच नाही आणि ते तिच्यावर जाऊन आदळले. तेव्हा मात्र त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डोळ्याच्या आतला दाब वाढलाय, त्यानं मागची नस वाळत चाललीय. गेली ती नजर परत येत नाही. उरलेली राखायची तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, आणि तो कायमचा. बाटलीचं तोंड डोळ्याला लावायचं नाही. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं थोडा वेळ दाबायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दम्याचा त्रास आहे का, तेही त्यांनी विचारून घेतलं. आप्पा योग्य तिथं ‘व्हय’ आणि योग्य तिथं ‘न्हाई’ म्हणाले. मला वाटलं, समजलं त्यांना.

कसलं समजलं! पुढच्या खेपेला मी गावी गेले तर आप्पा म्हणाले, “टाकून काय फरक पडत न्हाई.”

“फरक पडू नये म्हणूनच टाकायचं, आप्पा.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझं बोलणं खुळ्यासारखं वाटलं. खोकल्याचं औषध घेतलं की खोकला थांबतो. हे औषध लागू पडलं तर काहीच होत नाही. असल्या औषधाची बाजू किती दिवस लढवायची? त्यात शेजारणीचा डोळा लाल झाला, तर यांनी आपली बाटली तिला देऊन टाकली. “डोळ्याचंच हाय की,” म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला आणि दौंडहून नवी बाटली पाठवली.

ती बाटली पुढच्या वेळी मला कोनाड्यात दिसली. झाकण फोडलेलंसुद्धा नव्हतं.

“बंद केलंय म्या,” आप्पा शांतपणे म्हणाले. “पारावर इचार, समद्यांचे बिंदू शिबिरात काढले. पिकल्याबिगर काढत न्हाईत. आन् तुझ्या त्या औषधानं माझा पिकंचना.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. “अहो, त्यांचा मोतीबिंदू. तुमचा काचबिंदू. हा काढता येत नाही.”

“बिंदूच न्हवं?”

ज्या माणसानं जन्मभर कच्चा टोमॅटो तोडला नाही, त्याला हे कसं पटवायचं? घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. शेवटी ‘टाकतो’ म्हणाले, तेही मला गप्प करायला. टाकलं नाही, हे तपासणीला गेलो तेव्हा त्यांच्याच तोंडून कळलं.

“डाक्टर, डाव्यानं आता अंधारच दिसतोय,” ते जवळजवळ खुशीत म्हणाले. “पिकला आसंल. काढून टाका.”

डॉक्टरांनी डोळा तपासला, दाब पाहिला आणि स्टूल मागे सरकवलं. “आप्पा, हा पिकत नसतो. हा नुसता खात जातो. डावा डोळा गेला.”

आप्पांना घेऊन मी तरातरा घरी आले. राग आप्पांचा होता, पाराचा होता, आणि दोन वेगळ्या रोगांना एकच आडनाव ज्यानं कुणी दिलं त्याचाही होता. रडू आलं तेही रागानंच. त्यांना मी परत गावी जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आपणहून खुर्चीत येऊन बसले आणि मान मागे टाकली. मी उजव्या डोळ्यात थेंब टाकला, कोपरा दाबून धरला.

“आता डाव्यात.”

“डॉक्टर म्हणाले, आता उजवाच सांभाळायचा.”

“दोन-चार जास्त टाक की. पाण्याची एखादी पाळी चुकली, तर फुडच्या पाळीला वाढवून देतोच आपण.”

“तसं भरून निघत नाही, आप्पा.”

“बरं,” म्हणाले. पण बोटानं डाव्या डोळ्याची पापणी खाली ओढून ते तसेच बसून राहिले.