कोण यायचं राह्यलं तिथं?

लादी गाडीवरून उतरवली की बर्फवाले भाऊ आधी तिच्यावर बोटांच्या पेरांनी ठोकत, मग कान लावत. आवाज भरीव आला तर मान हलवत. बसका आला तर म्हणत, “आत पाणी हाये, बाई. ही नाई टिकत.” आणि लादी परत गाडीवर.

मुलांनो, आर्वीच्या बर्फ कारखान्यात त्यांचा जन्म गेला. रसवंतीला, लग्नाच्या सरबताला त्यांचाच बर्फ. पण रोहणा-तळेगावपर्यंत लोक त्यांना ओळखत ते दुसऱ्याच कामामुळे. घरात कोणी गेलं आणि मुलं लांबून यायची असली, की देहाखाली लाद्या लावायला तेच येत. भरदुपारी त्यांची गाडी गल्लीत शिरली की बायका दारं लोटून घेत. ते हसून ओरडत, “भेऊ नका वं, आज रसवंतीत चाल्लो!”

तुमच्या आजोबांच्या वेळीही ते आले. तुमचे बाबा विमानात होते. भाऊ भिंतीला टेकून बसले, लाद्यांवरचा भुसा सारखा करत, फरशीवरचं पाणी टिपत. मी म्हणाले, “भाऊ, घरी जा आता.”

“पोरगं येऊ द्या. मंग जातो.”

का, ते मला नंतर शेजारणीकडून कळलं. त्यांची बायको गेली तेव्हा मुलगा सुरतेला कामावर होता. फोन लागेना. भाऊंनी तीन दिवस लाद्या बदलल्या. तो आला नाही. पुढेही त्याचा काही पत्ता लागला नाही.

त्यानंतर भाऊ रविवारी आमच्याकडे चहाला येऊ लागले. मी इंग्रजी पेपरातलं त्यांना मराठीत सांगे. एकदा बातमी होती मंगळाची. दक्षिण ध्रुवावर दीड किलोमीटर जाड बर्फ, आणि त्याच्या तळाशी कदाचित पाणी, न गोठलेलं.

“खारं असन,” भाऊ लगेच म्हणाले. “आमच्या टाकीत डब्यातलं पाणी जमते, भोवतालचं मिठाचं नाई जमत.”

शास्त्रज्ञांचाही तोच अंदाज होता.

“पण ठोकून कोनं पाह्यलं?”

“वर यान फिरतं, भाऊ. ते खाली लहरी सोडतं. आदळून परत येतात, त्यावरून ओळखतात.”

“कान न लावता! हुशार हायेत.” मग बराच वेळ बशीतला चहा तसाच राहिला. “बाई, एवढा बर्फ लावून ठेवला. कोण यायचं राह्यलं तिथं?”

मी हसले. ते हसत नव्हते.

“किती वर्षांचा हाये थो बर्फ?”

“लाखो वर्षांचा असेल.”

“अन् आत अजून पाणी. मंग माह्या पोराले तं सहाच वर्ष झाले.”

ते कात्रण मी तारीख घालून फाइलमध्ये लावलं. काही वर्षांनी दुसरी बातमी आली. ते पाणी नसेलही, बर्फाखालच्या मातीमुळेही लहरी तशाच परत येतील, असं काहींचं मत होतं. तेही कात्रण मी लावलं, पण भाऊंना वाचून दाखवलं नाही. दर रविवारी ते विचारत, “हाये ना बाई, पाणी?” आणि मी, जन्मभर विज्ञान शिकवलेली बाई, म्हणे, “आहे.”

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. मी त्यांच्या घरी लादी मागवली. शेजारीण म्हणाली, “बाई, बर्फ कायले? यायचं कोण हाये त्याईचं?”

मी ती देहाखाली लावून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी भिंतीला टेकून बसले, भुसा सारखा केला, पाणी टिपलं. लादी अर्ध्यावर आली होती. मंडळी बाहेर उभी होती. मी वाकून पेरांनी ठोकलं, कान लावला. गालाला गार लागलं. आवाज भरीव होता की बसका, मला ओळखता आला नाही.

“काय म्हन्ते बाई?” शेजारणीनं हळूच विचारलं. “उचलायचं?”

“थांबा,” मी म्हणाले. “थोडं अजून थांबा.”