उंच सीटची गाडी

गाडी आईसाठी घ्यायची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी ते सोयीस्कर विसरलो.

आई गावी, पासलीला असते, मी कामामुळे हायवेला वरव्याजवळ. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, नेमाने उपचाराला या, नाहीतर पाय आखडतील. पण एसटीची पायरी तिला चढवेना. कंडक्टर वरून ओढायचा, मी खालून आधार द्यायचो, आणि ती तेवढ्यातही पदर सावरत राहायची.

हायवेवरच्या शोरूमला तिला घेऊनच गेलो. दारातच तिने चपला काढून हातात घेतल्या. सेल्समन म्हणाला, "आजी, असू द्या चपला."

"नगं बाबा. फरशी पुसायला तुमालाच लागंल."

एक उंच गाडी होती. आई पाठमोरी झाली, सीटवर टेकली आणि एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. कुणाचा हात धरला नाही. "बांधावर बसल्यागत वाटतंय," ती म्हणाली. "हीच घे."

बुकिंग केलं आणि तिथून पुढे गाडी काही येईना. फोन केला की उत्तर ठरलेलं, "सर, गाडी निघालीय." मग ती वाटेत होती. मग वाटेतच राहिली. ज्याने बुकिंग घेतलं तो नोकरी सोडून गेला. नवीन माणूस दर वेळी पहिल्यापासून विचारायचा, "कोणता रंग म्हणालात सर?" इकडे पुण्याच्या फेऱ्या चुकत गेल्या. आई विचारायची, मी म्हणायचो, आता गाडीनेच जाऊ.

दसऱ्याला नक्की, असं त्यांनी सांगितलं आणि मी ते अख्ख्या गावाला सांगितलं. भावकीतले चिडवायचेच, "काय रं, रांगत येतीय का तुझी गाडी?"

दसऱ्याला सकाळीच बायकोला घेऊन पोचलो. शोरूममध्ये हार, पेढे, फोटो. एकेक कुटुंब आपली गाडी घेऊन निघत होतं. आम्ही कॉफी पीत बसलो. दुपार कलली तेव्हा मॅनेजर आला. "सॉरी सर, तुमचं मॉडेल दिवाळीनंतरच. पण ही बघा, एकाने ऐनवेळी नको म्हटलं. आजच्या आज घेऊन जा."

पांढरी, लांबलचक, मागे डिकीवाली. बसायला इतकी खाली की उठताना मलाच दाराला धरावं लागलं. पण मला ती आवडली. आधीच्या गाडीपेक्षा जास्त आवडली. हे आजवर कुणाला बोललो नव्हतो.

बायको हळूच म्हणाली, "आत्यांना जमंल का पण?"

"विचारतो की," म्हणून मी मॅनेजरसमोरच फोन स्पीकरवर टाकला. "आई, गाडी जरा खाली आहे बसायला. पण आज मिळतीय. चालेल ना?"

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. आईने त्यांना हाकललं. मग म्हणाली, "तुला बरं वाटंल तसं कर."

आमच्याकडची जुनी माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. स्थळ पसंत नसलं, बैल विकायचा नसला, तरी 'तुला बरं वाटंल तसं' एवढंच म्हणतात. ऐकणाऱ्याने काय ते समजायचं असतं. मी तिच्याच हाताखाली वाढलेलो. मला समजलं होतं.

"बघा, आजींची परमिशन आली!" मॅनेजर म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी गावी आईच्या दारात गाडी उभी केली. बायाबापड्या जमल्या. "बस की म्हातारे, तुझ्यासाठीच आणलीय," कुणीतरी म्हणालं. आई पाठमोरी झाली, टेकायला गेली, पण सीट लागेना, आई खालीच जात राहिली. शेवटी धपकन आडवी पडली, पाय बाहेर. बाहेर काढायला मी आणि चुलतभाऊ, दोघांनी बगलेत हात घालून ओढलं. लुगडं गुडघ्याच्या वर गेलं. सगळ्या गावासमोर. माझ्या कानाशी ती पुटपुटली, "झाकलं का रं?" मग उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बरी हाय गाडी."

पुन्हा ती त्या गाडीत बसली नाही. सुरुवातीला मी, चल, म्हणायचो. ती म्हणायची, पुढच्या वेळी. मग मी म्हणणंही सोडलं. गाडी बदलून घेता आली असती. पण मी ती ठेवून घेतली. आता आईचे पाय सरळ होत नाहीत. घरातल्या घरात ती बसल्या बसल्या सरकते.

मध्यंतरी मी गेलो होतो तेव्हा चुलती आली होती. आईला म्हणाली, "लेकाची गाडी असून दवाखान्याला जात न्हाईस व्हय गं?"

"मला गाडी लागती गं," आई म्हणाली. "नुसत्या वासानं मळमळतं."

ही बाई उभा जन्म टेम्पोत, भाताच्या पोत्यांवर बसून घाट उतरली आहे. तिला कधीच गाडी लागली नाही. चुलतीने माझ्याकडे पाहिलं. "लिंबू देत जा की रं तिला."

"देतो," मी म्हणालो.

आता कुणी विचारलं की मीही तेच सांगतो. आईला गाडी लागते.