ताईच्या बावीस पायऱ्या

ताई शिंदे की छावनीत पहिल्या मजल्यावर राहते, मी दर्पण कॉलनीत. रिक्षानं गेलं तर फार लांब नाही हो, पण मधे बावीस पायऱ्या आहेत. तिचे गुडघे तिला खाली येऊ देत नाहीत, माझा श्वास मला वर जाऊ देत नाही. सव्वा वर्ष आम्ही सख्ख्या बहिणी फोनवरच भेटत होतो.

मला फुप्फुसाचं बीपी आहे. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते नव्हे. ते माझं छान असतं, म्हणून शेजारणींना वाटतं मी ढोंग करते. हृदयाकडून फुप्फुसात रक्त नेणाऱ्या नळ्यांतला दाब वाढलाय. मी आपली जपत राहिले, इतकी की न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागायला लागली. औषधं लागू पडल्यावर डॉक्टर म्हणाले, आता व्यायाम हवा, पण मनानं करायचा नाही, शिकवणाऱ्याच्या नजरेसमोर.

शिकवणारी मुलगी हिंदीभाषी, नातीच्या वयाची. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावते नि चालवते. पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. चालता चालता मी म्हणाले, "बेटा, दम लग रहा है." आमच्या घरची हिंदी अशीच, मराठीचं बोट धरून चालणारी. तिला वाटलं, अम्मा जोर लावतायत.

"बढ़िया अम्माजी, थोड़ा और लगाइए."

मी लावला. डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा तिनं धरून बसवलं. बिचारी माझ्याहून जास्त घाबरली.

"आपने ही तो कहा, दम लग रहा है."

"अगं, मराठीत दम लागला की माणूस थांबतो."

तेव्हापासून तिनं नियमच केला: चालताना बोलत राहायचं, वाक्य तुटलं की थांबायचं. बोलायला मला काय, सांगावं लागतं थोडंच? मी रोज ताईबद्दलच बोलायची. एक दिवस ती म्हणाली, "मौसी के घर कब ले चलेंगी?"

"तू सोडशील तेव्हा."

काही महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, तिनं सोडलं. ताईच्या जिन्यात माझा मुलगा मागे, मी पुढे, पायरीगणिक थांबत. अकराव्या पायरीवर जिना वळतो. तिथे माझं वाक्य अर्ध्यात राहिलं.

ताई वर कठड्याला धरून उभी. "येतेस की तिथेच बिऱ्हाड मांडतेस?"

धाप ओसरल्यावर मी म्हणाले, "आज इथवरच, ताई."

तिनं सुनेकडून माझ्यासाठी खुर्ची खाली पाठवली आणि स्वतः सगळ्यात वरच्या पायरीवर टेकली.

"वाळलीस गं."

"तू पण."

मग पाटणकर बाजारातल्या भाज्यांचे भाव, तिच्या सुनेचं चुकलेलं मोदकांचं सारण, असं अर्धा तास चाललं. आमटीचा वास जिन्यात उतरत होता. फोनवर तो कधी येत नाही. मी बोलत होते आणि बघत होते तिचा हात, कठड्यावर ठेवलेला, अगदी आईच्या हातासारखा झालेला. अकरा पायऱ्या वर.