गॅरेजचं शटर आणि बापटचा टॅग

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात रिकाम्या बरण्या साठतात तसे ते साठतात, आणि घरातली माणसं कमी झाली की डोळ्यांवर यायला लागतात. माझ्याकडचे बहुतेक सगळे एकाच वस्तूचे आहेत, आमच्या गॅरेजच्या शटरचे. लोकांकडे सत्यनारायणाला माणसं जमतात, आमच्याकडे शटर अडकलं की जमायची.

आधी मंडळी सांगतो. मी देवधर. इथे झाशीलाच कारखान्यात क्वालिटीला होतो, रिटायर झाल्यावर इथेच घर बांधलं. बापट त्याच कारखान्यात मेंटेनन्सला. मागच्या गल्लीत एकटा राहायचा. बायको लवकर गेली, मुलगी बंगळुरूला. तिसरे पाध्येअण्णा, गावातल्या ओरछा गेट भागातले. यांचे पूर्वज पूजाअर्चेसाठी इकडे आले ते इथलेच झाले. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा जुनं आणि हिंदी आमच्यापेक्षा गोड.

आणि माझी बायको, सुधा. गाडी तीच चालवायची, मला अजून भीती वाटते. तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा कॅनडातल्या मुलाने, निखिलने, हट्टाने मोटरचं शटर बसवून घेतलं. आईने बटण दाबायचं, दार वर. कल्पना चांगली होती.

* * *

पहिल्यांदा अडकलं ते बसवल्याच्याच आठवड्यात. सुधाला लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीच्या दर्शनाला जायचं होतं. बटण दाबलं, ढिम्म. मी बापटला बोलावलं, तो टेस्टर घेऊन आला. अण्णा नुसतेच आले.

बापट म्हणाला, मोटर गेली. मी म्हटलं, आधी नीट निरीक्षण करू. मग आम्ही कारखान्यातली सगळी जुनी भांडणं तिथेच उकरून काढली. मेंटेनन्सवाले उगाच खोलाखोली करतात, क्वालिटीवाले नुसते बघत बसतात, वगैरे. अण्णा उकाड्याने हैराण होऊन पंख्याखाली बसायला घरात गेले आणि लगेच परत आले.

"अहो, लाईटच नाही सगळ्या मोहल्ल्यात. मोटर बिचारी काय करील?"

टेस्टर बापटच्या हातातच होता. सुधा रिक्षा करून गेली.

* * *

दुसरा किस्सा रिमोटचा. मी ओट्यावर बसून रोज संध्याकाळी बटण दाबायचो. आमचं शटर कधी उघडायचं, कधी नाही. मला वाटायचं, सेल उतरलेत. सेल बदलले, तरी तेच.

एक दिवस शेजारचे तिवारीजी हात जोडून आले. शटर बसवणाऱ्या माणसाने आम्हा दोघांकडे एकच कोड ठेवला होता. मी इकडे दाबत होतो आणि त्यांचं शटर वर-खाली होत होतं! आम्ही पोट धरून हसलो. त्या माणसाला बोलावून कोड बदलून घेतला.

पण तिवारीजींची म्हातारी अम्मा रोज संध्याकाळी त्या शटरसमोर खुर्ची टाकून बसायला लागली होती. तिचे यजमान पूर्वी त्याच वेळेला दुकानातून परत यायचे. कोड बदलल्यावर काही दिवसांनी तिने सुधाला विचारलं, "बहू, अब नहीं आते?"

सुधा घरी येऊन माझ्यावरच चिडली. म्हणाली, कोड बदलायची एवढी काय घाई होती.

* * *

हा अगदी छोटा आहे. शटर खाली यायचं आणि जमिनीला टेकायच्या आधी परत वर जायचं. खालच्या बाजूला दोन सेन्सर असतात, मध्ये काही आलं की दार थांबतं. बापटने ते पुसले, मी ते पुन्हा पुसले. जळमटं काढली. अण्णा खुर्चीत बसून आम्हाला ओरछ्याच्या जत्रेची हकीकत सांगत होते.

अर्धी दुपार गेल्यावर सुधा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अण्णा, पाय जरा मागे घेता का?"

शटर खाली आलं.

* * *

सुधा असतानाचाच आणखी एक. शटर जमिनीपासून वीतभर वर अडकलं आणि बापट आत. गॅरेजला दुसरं दार नाही. मी बाहेरून बटण दाबतोय, अण्णा रामरक्षा म्हणतायत. सुधाने फटीतून बशी सरकवून चहा दिला. मग म्हणाली, भावजी उपाशी असतील, आणि थालीपिठं लावायला घेतली. एकेक थालीपीठ लोण्याच्या गोळ्यासकट फटीतून आत जात होतं.

शेवटचं संपल्यावर आतून साखळीचा खडखडाट झाला आणि शटर हाताने वर करून बापट बाहेर आला, मिशी पुसत. मोटर बंद पडली तर हाताने उघडायला आत साखळी असतेच. मी विचारलं, तुला माहीत नव्हतं?

"माहीत होतं की," तो म्हणाला. "पण वहिनींनी परात काढल्याचा आवाज आला."

त्याच्या घरी स्वयंपाक म्हणजे खिचडी. रोजची.

* * *

आता टॅगचं सांगायला हवं. आमच्या कारखान्यात एक शिस्त होती. मशीनवर काम करायचं तर आधी तिचा फ्यूज काढायचा, स्वतःच्या खिशात ठेवायचा, आणि बोर्डावर आपल्या नावाचा लाल टॅग लटकवायचा. ज्याचा टॅग, त्यानेच काढायचा. साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. एकदा कोणीतरी घाईघाईत दुसरा फ्यूज लावून मशीन चालू केलं, तेव्हा बापटचा हात आत होता. त्याच्या उजव्या हाताला करंगळी नाही ती तेव्हापासून.

रिटायर होताना लोकांनी घड्याळं नेली, बापटने स्वतःचा टॅग घरी आणला. आमच्या शटरला हात लावायचा तरी आधी व्हरांड्यातल्या बोर्डावरचा शटरचा चिनीमातीचा फ्यूज काढून खिशात, आणि टॅग खिळ्याला. एकदा तसाच फ्यूज खिशात घेऊन तो अण्णांबरोबर भाजी आणायला गेला आणि आमची गाडी आत अडकून पडली. सुधा म्हणाली, घरात दुसरा फ्यूज आहे, लावा की. मी नाही लावला. तिने कपाळाला हात लावला आणि पुन्हा रिक्षा केली.

* * *

सुधा गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. घर फार मोठं वाटतं. मराठी बोलायला अण्णा आणि बापट, एवढेच. गाडी नुसती उभी. बापट मात्र दर आठवड्याला यायचा, शटर उघडायचा, गाडी चालू करून थोडा वेळ तिच्यात बसायचा. म्हणायचा, इंजिनाला सवय राहिली पाहिजे. मी शेजारच्या सीटवर बसायचो. जायचं कुठेच नसायचं.

मागच्या महिन्यात आला तेव्हा म्हणाला, बाहेरचं बटण सैल झालंय. शटर बंद केलं, फ्यूज काढला, टॅग लावला, बटणाची पेटी उघडली. तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली. मुलगी त्याला कायमचं घेऊन जायला आली होती. सामान टॅक्सीत होतं, स्टेशनला निघायची वेळ झालेली. त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं. पेटीचं झाकण लावलं, हात धुतले आणि रोजच्यासारखं म्हणाला, "येतो रे."

टॅक्सी वळली. मी व्हरांड्यात आलो तर टॅग तसाच, आणि फ्यूजची जागा रिकामी.

निखिलचं तेव्हापासून टुमणं सुरू झालं. बाबा, गाडी विका, मग घर विका, मग इकडे या. एकटे काय करताय तिथे? त्यानेच परवा फोनवरून गाडीला गिऱ्हाईक पाठवलं. माणूस बरा होता, बरोबर मेकॅनिक घेऊन आला होता. अण्णाही आले होते. शटर उघडेना, तेव्हा मेकॅनिकने बोर्डाकडे एकदा बघितलं.

"बाबूजी, फ्यूज ही नहीं है. मेरे पास है, लगा दें?"

मी म्हटलं, एक मिनिट थांबा. ज्याचा टॅग त्याला विचारावं लागतं. बंगळुरूला फोन लावला. मुलीने उचलला, म्हणाली बाबा झोपलेत.

"काका, तुम्हालाच विचारणार होते. बाबा रोज धुवायच्या शर्टातून एक पांढरं चिनीमातीचं काहीतरी काढतात आणि नव्या शर्टाच्या खिशात ठेवतात. कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, देवधरचं काम अर्धं राहिलंय. काय आहे हो ते?"

"असू दे त्याच्याजवळ," मी म्हटलं.

फोन ठेवला. गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि बरोबर बोर्डासमोर पाय पसरून बसले.

"तो लगा दें, बाबूजी?" मेकॅनिकने पुन्हा विचारलं.

"टॅग लगा है, भैया," मी म्हटलं. "जिसका है, वही आके निकालेगा."