थांब्यावरची विडी

आमच्या गावचा एसटीचा थांबा चिऱ्यांचा, आत सिमेंटचा बाक. माझे सासरे मुंबईची नोकरी संपवून गावी आले, तेव्हापासून रोज सकाळी त्या बाकावर बसत. जायचं कुठेच नसे. दोन दोस्त, गप्पा आणि विडी.

बचत गटातल्या आम्ही बायकांनी ठरवलं, थांब्यात विडी-सिगारेट बंद. शाळेची पोरं, लेकुरवाळ्या बायका तिथेच गाडीची वाट बघतात. सगळ्यांना पटलं. पण सासऱ्यांना सांगायचं कोणी, म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी चहा देताना मी एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे मला उठवता होय?"

"तुम्हाला नाही बाबा, विडीला."

दुसऱ्या दिवसापासून ते घरीच, पडवीत रस्त्याकडे पाठ करून. इतका बोलका माणूस, चहासुद्धा मागेना. मला घास गोड लागेना.

मग एका सकाळी पावस गावाच्या गाडीने जाणारी मासेवाली काकी टोपली घेऊन आमच्या दारात आली.

"काका थांब्यावर दिसत नाय. बरं नाय काय?"

"मला बंदी आहे तिथे," पडवीतून आवाज आला.

"विडीला हाय. तुमच्या विडीपायी मी इतकी वर्षं बाहेर उन्हात बसत्ये. धूर लागला की खोकला धरतो."

सासरे वळले. "अगो, मला वाटायचं, मासळीचा वास आम्हाला नको म्हणून तू बाहेर बसतेस! घरी कौतुक करायचो तुझं."

खरंच करायचे. मी मान डोलावली, तर ती इतकी हसली की टोपली खाली ठेवावी लागली. सासरे मात्र हसले नाहीत.

"सांगायचंस तरी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते थांब्यावर गेले. काकी सवयीने बाहेरच टेकली होती. "आत ये, सावलीत बस," म्हणून बाकावर सरकले.

विडी काही सुटलेली नाही. तल्लफ आली की वळणावरच्या फणसाखाली जातात. दोस्ताने थांब्यात काडेपेटी काढली, की दंडाला धरून त्यालाही नेतात. परत येऊन काकीशी वाद घालतात, सार बांगड्याचं चांगलं की पेडव्याचं. त्या नादात परवा तिची गाडी चुकली.