दुर्बिणीच्या झडपेसाठी शिवणीच्या फळ्या

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात मी गडचिरोलीकडे निघालो, तो शिवणीच्या लाकडासाठी. आमच्या कॉलेजच्या दुर्बिणीला ताऱ्यांचे फोटो घेणारा कॅमेरा जोडला होता. फोटो ज्या काचेवर उमटे, ती ताटाएवढी. तिच्यापुढची झडप मी आखलेली: दोन पाती मधून उघडून कडांकडे जात आणि कडांवरून परत मध्ये येऊन मिटत. ठळक ताऱ्यांच्या सेकंदभराच्या फोटोत कडा मात्र अंधाऱ्या येत. दोष भिंगाचा, असे मी प्राचार्यांना लेखी कळवले होते. ते भिंग आमचे कारागीर वामनराव यांनी दोन वर्षे हाताने घासले होते. आता ते काढून टाकायचे ठरत होते. मला फक्त पाती हलकी करायची होती; शिवण हलकी असते आणि वाकत नाही.

इतवारी स्टेशनाहून छोट्या रुळांच्या गाडीने मूल गावापर्यंत, पुढे मोटार. वैनगंगेला या दिवसांत गुडघाभर पाणी असते. मोटार अलीकडेच थांबते, पलीकडे बैलगाडीने जावे. बरोबर भाकऱ्या बांधून नेऊ नयेत. तिकडे गरम भात आणि नदीची मासळी मिळते. मोहाच्या फुलांच्या वासाने सारी वाट भरलेली होती. तो वास आठवला की अजून मन त्या रस्त्याला लागते.

तिथल्या लहानूभाऊ सुतारांनी शिवणीच्या फळ्या रंधायला घेतल्या. त्यांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, सकाळी दारापासून कुंपणापर्यंत चटयांवर मोहफुले पसरली होती. दुपारी ढग आले, तशी त्या दाराकडून फुले गोळा करू लागल्या. मीही मदतीला कुंपणाकडून सुरुवात केली.

"काऊन जी मास्तर, तिकडून काऊन उचलून राह्यले?"

"लवकर आटपेल म्हणून."

"थे तं शेवटी पसरले ना! आधी पसरले थे आधी उचला. नाई तं तिकडच्याले ऊन कमी भेटते, थे सडते."

लहानूभाऊ रंध्यावरून हसले. "कालेजात हे शिकवत नाई वाटते!"

मी दाराकडच्या चटईकडे वळलो आणि मला माझी झडप आठवली. तिच्यात कडा शेवटी उघडत आणि आधी झाकल्या जात, म्हणून त्यांना उजेड कमी मिळे. दोन्ही पाती एकाच दिशेने, एक उघडत आणि दुसरे मागून झाकत, जायला हवी होती.

परतल्यावर कपाटातली दोन मिनिटांच्या फोटोची जुनी काच काढली. इतक्या वेळात झडपेचा क्षणभराचा फरक जाणवत नाही, आणि कडा स्वच्छ होत्या. म्हणजे भिंग निर्दोष होते. ती काच अहवालाच्या वेळीही माझ्याच कपाटात होती. मी ती का पाहिली नाही, याचे उत्तर मला अजून प्रामाणिकपणे देता येत नाही.

चूक कबूल करणारे पत्र घेऊन मी वामनरावांच्या घरी गेलो. त्यांनी ते दोनदा वाचले.

"प्राचार्यांना दिलंत?"

"नाही. म्हटलं, पहिल्यांदा तुम्हाला दाखवावं."

"माझ्याविरुद्धचं तर थेट त्यांच्याकडेच दिलं होतंत," असे म्हणून त्यांनी पत्र परत माझ्या हातात ठेवले.

तसाच प्राचार्यांकडे गेलो. भिंग राहिले, नवी झडपही नीट चालते. वामनराव मात्र निवृत्त होईपर्यंत प्रत्येक फोटोच्या कडा स्वतः तपासत, आणि मगच काच माझ्याकडे देत.